घरची पावाची लादी: मैदा मोजण्यापासून टिन उपडा करेपर्यंत

“पाव वरून छान फुगला होता, पण आत चिकट राहिला.” “ओव्हनमधून काढला तेव्हा मऊ होता, संध्याकाळी दगड झाला.” “पीठ फुगलंच नाही, यीस्ट खराब असेल.” घरी पाव करणाऱ्यांकडून या तीन तक्रारी मी सतत ऐकते. नीट विचारत गेलं की बहुतेक वेळा कारण दोनांपैकी एक निघतं. पीठ हाताला चिकटतंय म्हणून मळताना वरून मैदा घातलेला असतो, किंवा कृतीत लिहिलंय “एक तास ठेवा” म्हणून घड्याळ लावून एक तासच ठेवलेलं असतं. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी जे पीठ पाऊण तासात दुप्पट होतं, त्यालाच डिसेंबरात दोन तास लागतात. म्हणून खाली वेळ जिथे दिली आहे ती अंदाजापुरती धरा. खरी खूण काय, ते प्रत्येक टप्प्यात वेगळं सांगितलं आहे.

ही कृती ८ इंची चौकोनी टिनमधल्या नऊ पावांची आहे. उन्हाळ्यात साडेतीन तास लागतात, थंडीत पाच तास हाताशी ठेवा. आणि गुरुवारी हा घाट घालू नका. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारीच जाते, आणि फुगलेली लादी विजेची वाट बघत थांबत नाही.

१. साहित्य वजनाने घ्या

- मैदा ३५० ग्रॅम
- दूध १३० ग्रॅम आणि पाणी १०० ग्रॅम
- इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड छोटा चमचा
- साखर १८ ग्रॅम
- मीठ ६ ग्रॅम, म्हणजे एक सपाट छोटा चमचा
- लोणी किंवा बटर २५ ग्रॅम, मऊ झालेलं
- वरून लावायला थोडं दूध आणि बटर

वाटीने मोजू नका. डब्यात वाटी खुपसून मैदा काढला तर तो दाबून भरतो, चमच्याने हलका भरला तर बराच कमी बसतो. तीन वाट्यांत हा फरक पन्नास-साठ ग्रॅमवर सहज जातो, आणि तेवढ्यात मऊ पावाचा वातड पाव होतो. डिजिटल वजनकाटा नसेल तर आधी तो घ्या, ओव्हनची उपकरणं नंतर. दूध आणि पाणीसुद्धा काट्यावरच मोजा.

मैदा घेताना पाकिटावर प्रथिनांचा आकडा बघा. १०० ग्रॅमला १० ते ११ ग्रॅम असेल तर पावाला चांगला. त्याहून कमी असेल तर केकला, नानकटाईला वापरा. पावाला लागणारी ताण धरण्याची ताकद त्यात येत नाही.

बटर खारं असेल तर मीठ पाऊण चमचाच घाला. पण मीठ पूर्ण वगळू नका. चवीचा प्रश्न आहेच, शिवाय मीठ यीस्टला आवरतं आणि पिठाला घट्टपणा देतं. बिनमिठाचं पीठ भराभर फुगतं आणि पसरतं.

*पावसाळ्याची सूचना:* जुलै-ऑगस्टमध्ये मैदा हवेतली ओल धरतो. तेव्हा १०० ग्रॅम पाण्यातलं २० ग्रॅम बाजूला ठेवा आणि गरज वाटली तरच घाला.

२. यीस्ट जिवंत आहे का, ते आधी बघा

पाव वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि अर्धा चमचा यीस्ट घालून दहा मिनिटं झाका. वर फेसाची टोपी आली तर यीस्ट चांगलं. नुसते चार बुडबुडे आले किंवा ते तळाशी बसून राहिलं तर टाकून द्या. जास्त घालून भागेल असं समजू नका, मेलेलं यीस्ट दुप्पट घातलं तरी मेलेलंच असतं.

कोमट म्हणजे किती? बोट बुडवल्यावर गरम लागलं तर ते जास्त आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाका, जसं बाळाच्या दुधाचं बघतो तसं. ना गार ना गरम वाटलं पाहिजे. साधारण ३५ ते ३८ अंश. ५५-६० अंशांना यीस्ट मरतं आणि नुकतं उकळी येऊन उतरवलेलं दूध त्याच्या फार वर असतं. दूध गरम करायलाच ठेवलं असेल तर पूर्ण निवू द्या.

आणि एप्रिल-मेमध्ये दूध कोमटही करू नका, फ्रिजमधलं गारच वापरा. ओट्याजवळ ३३-३४ अंश असताना कोमट दूध घातलं की पीठ मळून होईपर्यंतच तापतं आणि हाताबाहेर जातं.

बाजारात तीन प्रकार मिळतात. इन्स्टंट थेट मैद्यात घालता येतं. ॲक्टिव्ह ड्राय आधी कोमट पाण्यात भिजवावं लागतं आणि थोडं जास्त, ६ ते ७ ग्रॅम लागतं. बेकरीवाल्याकडून ताजं यीस्ट मिळालं तर १५ ग्रॅम घ्या आणि तीन-चार दिवसांत संपवा. इन्स्टंटचं पाकीट फोडल्यावर घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलेलं पाकीट दोन पावसाळी आठवड्यांत निकामी होतं.

३. कालवा आणि वीस मिनिटं हात लावू नका

परातीत मैदा, साखर आणि यीस्ट एकत्र करा. दूध-पाणी घालून कोरडा मैदा दिसेनासा होईल इतपतच कालवा. मीठ आणि लोणी अजून नाही. हे गोळे-गोळे झालेलं, ओबडधोबड पीठ झाकून वीस मिनिटं ठेवा.

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. पण या वीस मिनिटांत मैदा पाणी पिऊन घेतो आणि पिठात धागे आपोआप जुळू लागतात. जे पीठ आत्ता हाताला गोंदासारखं चिकटतंय तेच वीस मिनिटांनी अर्धं शहाणं झालेलं असतं. वरून मैदा घालण्याचा मोह इथेच निम्मा संपतो.

४. मळणे: सगळा पाव इथे ठरतो

आता मीठ भुरभुरवा आणि पीठ ओट्यावर घ्या. ओटा कोरडा आणि स्वच्छ हवा, मैदा भुरभुरवलेला नको. पोळ्यांची कणीक मळतो तसं दाबून-दुमडून चालणार नाही. हे पीठ तिंबावं लागतं. तळहाताच्या टाचेने पुढे लांब ढकला, बोटांनी मागे ओढून घडी घाला, पाव वळसा फिरवा, पुन्हा ढकला. पाच मिनिटांनी लोणी तीन भाग करून, थोडं थोडं घाला.

लोणी घातल्यावर पीठ एकदम बिघडल्यासारखं दिसेल. निसरडं होईल, तुकडे पडतील, ओट्याला फासलं जाईल. इथे घाबरून मैदा घातला की झालं. दोन-तीन मिनिटं तसंच तिंबत राहा, लोणी जिरतं आणि पीठ पुन्हा एक होतं. फारच चिकटत असेल तर हाताला तेलाचं बोट लावा, मैदा नाही. ओट्याला चिकटलेलं पीठ सुरीच्या पाठीने किंवा उलथन्याने खरवडून गोळ्यात मिसळा.

हाताने एकूण दहा ते बारा मिनिटं लागतात. फूड प्रोसेसरमध्ये मळत असाल तर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने थांबून बघा. त्याच्या पात्याने पीठ लवकर तापतं, आणि गरम झालेलं पीठ चिकटतं, त्याला आकार येत नाही.

तपासणी: लिंबाएवढा गोळा तोडा. दोन्ही हातांच्या बोटांवर हळूहळू ताणत खिडकीसमोर धरा. पडदा इतका पातळ झाला पाहिजे की त्यातून पलीकडच्या खिडकीच्या गजांच्या सावल्या दिसाव्यात, तरी तो फाटू नये. फाटलाच तर भोकाची कड गुळगुळीत असावी. कड दातेरी असेल, किंवा पडदा व्हायच्या आधीच गोळा तुटत असेल, तर अजून तीन मिनिटं मळा आणि पुन्हा बघा. हा पडदा येत नाही तोवर पुढे जाऊ नका. पाव उलगडताना कापसासारखे लांब धागे सुटतात ना, ते या पडद्यातूनच येतात. यीस्टने केलेली हवा याच पडद्यात अडकते. पडदाच नसेल तर यीस्ट कितीही चांगलं असलं तरी हवा निघून जाते आणि पाव बसका होतो.

तयार पीठ तुकतुकीत दिसतं. हाताला किंचित लागतं, पण हाताला लागून येत नाही. पोळीच्या कणकेपेक्षा सैलच असतं आणि तसंच हवं.

५. पहिल्यांदा फुगवणे

भांड्याला तेलाचा हात लावा, गोळा ठेवा, वरूनही तेल लावा आणि झाकण ठेवा. नुसता कोरडा पंचा टाकला तर वर साल धरते, ती पुढे पावात कडक रेघ होऊन येते.

आता दुप्पट झालं हे ओळखायचं कसं? गोल तळाच्या भांड्यात डोळा फसतो. म्हणून मी पिठातला सुपारीएवढा तुकडा सरळ उभ्या काचेच्या लहान ग्लासात दाबून बसवते, तो जिथवर येतो तिथे रबर लावते आणि ग्लास भांड्याशेजारीच ठेवते. ग्लासातलं पीठ रबराच्या दुप्पट उंचीला आलं की भांड्यातलंही तयार असतं. एकदा हे करून बघा, मग घड्याळाकडे बघावंसं वाटणार नाही. तुकडा नंतर मोठ्या गोळ्यातच मिसळा.

वेळेचा अंदाज असा: मार्चअखेर ते मे महिन्यात ४० ते ४५ मिनिटं, पावसाळ्यात तासभर, डिसेंबर-जानेवारीत दीड ते दोन तास. थंडीत ओव्हन बंदच ठेवून आत खालच्या बाजूला उकळत्या पाण्याचं भांडं आणि वर पीठ ठेवा, दार लावून घ्या. पाणी निवलं की बदला.

*सावधान:* “दोनच मिनिटं ओव्हन लावते” असं करू नका. ओव्हनमधले विजेचे गज तापले की आतली हवा क्षणात ५० अंशांवर जाते. गच्चीत उन्हातही ठेवू नका. कडेचं पीठ आंबून जातं आणि मधलं तसंच राहतं.

तपासणी: बोट मैद्यात बुडवून गोळ्यात पेरभर खुपसा. खळगा तसाच राहिला तर झालं. लगेच भरून आला तर अजून थांबा. बोट लावताच सगळं पीठ सुस्कारा टाकल्यासारखं खाली बसलं आणि आंबूस वास आला तर जास्त झालं आहे. ते फेकू नका. हवा काढून, पसरून तव्यावर लसूण-बटर लावून नान भाजा. पाव मात्र त्याचा होणार नाही.

६. उंडे वळणे

गोळा ओट्यावर उपडा करून हलक्या हाताने दाबा. मोठी हवा गेली पाहिजे, बदडायचं नाही. काट्यावर ७० ग्रॅमचे नऊ भाग करा. डोळ्याने केले तर कडेचा लहान उंडा करपतो आणि मधला मोठा कच्चा राहतो, म्हणून इथेही वजन. भाग झाकून दहा मिनिटं ठेवा, म्हणजे ताणल्यावर मागे येणार नाहीत.

प्रत्येक भागाच्या कडा मध्यभागी ओढून चिमटून घ्या, मोदकाचं तोंड मिटतो तसं. चुण्यांची बाजू खाली ठेवा. मग हाताची ओंजळ उपडी करून उंड्यावर ठेवा आणि ओट्याला घासत गोल फिरवा. वरची बाजू फुग्यासारखी ताणलेली, गुळगुळीत झाली पाहिजे. ओट्यावर मैदा असेल तर उंडा नुसता घसरतो, ताण येतच नाही. गरज पडली तर ओट्याला ओला हात पुसा.

टिनला बटर लावून तीन-तीनच्या तीन ओळी लावा, दोन उंड्यांत अर्धं बोट जागा ठेवून. फुगल्यावर ते एकमेकांना टेकले पाहिजेत, म्हणजेच लादी होते आणि कडा मऊ राहतात. फार लांब ठेवले तर सुटे, चपटे बन होतात. म्हणून टिनचं माप बदलू नका. ८ इंची चौकोनी, दोन इंच उंच टिन पुण्यात तुळशीबागेतल्या भांड्यांच्या दुकानांत मिळतो. काळ्या रंगाचा घेतलात तर तळ लवकर भाजतो, ओव्हन १० अंश कमी ठेवा.

७. दुसऱ्यांदा फुगवणे आणि ओव्हन तापवणे

टिन सैलसर झाका. उन्हाळ्यात २५ मिनिटं, थंडीत तासभर. उंडे टिनच्या काठाच्या जवळ आले आणि एकमेकांना टेकले की कडेच्या एका उंड्याला ओलं बोट हलकेच दाबा. खळगा हळूहळू, आणि अर्धवटच भरून आला तर भाजायला तयार. चटकन भरून आला तर दहा मिनिटं अजून. इथे घाई केली तर ओव्हनमध्ये पाव बाजूने फाटतो, उशीर केला तर वर सुरकुत्या पडून मध्ये खचतो.

भाजायच्या पंधरा मिनिटं आधी ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन) १९० अंशांना, खालचा-वरचा दोन्ही गज लावून तापवायला ठेवा. थंड ओव्हनमध्ये टिन सरकवणं ही मोठी चूक आहे, कारण पीठ तापेतोवर फुगतच राहतं. ओटीजीची खुंटी पुष्कळदा १५-२० अंशांनी चुकते. साधा ओव्हन थर्मामीटर आत लटकवून एकदा खात्री करून घ्या, पुढचे सगळे पदार्थ सुधारतील.

मधेच वीज गेली तर टिन झाकून फ्रिजमध्ये ठेवा. फुगणं मंदावतं आणि तासभर तरी निभावतं.

८. भाजणे

वरून दूध लावा, ब्रश अगदी अलगद. उंड्यांच्या फटीत दूध साचू देऊ नका, तिथे पाव टिनला चिकटतो.

टिन मधल्या घराच्या एक घर खाली ठेवा. १९० अंशांना २० ते २२ मिनिटं. ओव्हनमधला पंखा चालू राहणार असेल तर १७५ अंश. पंधरा मिनिटांच्या आत दार उघडू नका. तोपर्यंत वरून रंग गडद झाला असेल तर फॉइल अलगद टाका, पण भाजणं कमी करू नका. रंग लवकर येतो, मधला उंडा मागून शिजतो. “वरून छान, आत चिकट” ही तक्रार इथूनही येते. थर्मामीटर असेल तर मधल्या पावाच्या पोटात ९२ ते ९५ अंश हवेत. नसेल तर लादी उचलून तळाला टिचकी मारा, पोकळ आवाज आला पाहिजे.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची मोठी कढई घ्या, तळाशी स्टँड, वर घट्ट झाकण. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून टिन ठेवा, आच मंद करून ३० मिनिटं. वरून रंग येणार नाही; लादी काढून तव्यावर बटर टाकून ती बाजू शेकून घ्या. प्रेशर कुकर कोरडा तापवायचा सल्ला मी देत नाही. त्याची रिंग आणि झडप यासाठी नसते आणि कुकर खराब होतो.

९. काढल्यावरचा पहिला अर्धा तास

बाहेर काढल्याबरोबर वरून बटर लावा आणि घट्ट पिळलेला ओलसर पातळ पंचा टाका. वरचा पापुद्रा वाफेने मऊ होतो. पाच मिनिटांनी लादी टिनमधून काढून जाळीवर ठेवा. टिनमध्येच राहिली तर तळाला घाम सुटून ती ओली होते.

आता अर्धा तास तोडू नका. घरभर वास सुटलेला असतो, मुलं ओट्याभोवती घुटमळत असतात, मला ठाऊक आहे. पण आतली वाफ अजून जाळी बसवत असते. गरम तोडला तर नीट भाजलेला पावही पिठूळ लागतो आणि धागे दबून जातात.

१०. काय बिघडलं ते पावावरून ओळखा

*जड, बारीक जाळीचा:* मैदा जास्त झाला किंवा पडदा येण्याआधी मळणं थांबवलं.

*वर फुगून मध्ये खचलेला:* दुसरं फुगवणं जास्त झालं. पुढच्या वेळी ओव्हन दहा मिनिटं आधी लावा.

*बाजूने फाटलेला:* दुसरं फुगवणं कमी झालं किंवा वळताना वर साल धरली.

*यीस्टचा उग्र वास:* लवकर व्हावं म्हणून यीस्ट वाढवलं. तेवढंच ठेवा, वेळ द्या.

*संध्याकाळपर्यंत वातड:* ओव्हन कमी तापलेला, म्हणून जास्त वेळ भाजून पाव सुकला.

निम्मी कणीक घालायची असेल तर २० ते २५ ग्रॅम पाणी वाढवा आणि कालवल्यावर वीसऐवजी चाळीस मिनिटं ठेवा. चक्कीवरून आणलेलं लोकवन गव्हाचं पीठ मैद्यापेक्षा पाणी पुष्कळ पितं, आणि कोंड्याने पडदा कापला जातो. पाव थोडा बसका होईल, चव मात्र फार छान येते. पहिल्याच प्रयत्नात कणकेचा पाव करू नका. मैद्याचा हात बसू द्या.

११. याच पिठाचं आणखी काही, आणि उरलेला पाव

गोड बनसाठी साखर ३५ ग्रॅम करा, तिंबून झाल्यावर मूठभर टुटीफ्रुटी दुमडून घ्या आणि ९० ग्रॅमचे सात उंडे सुटे भाजा. जास्त साखरेने रंग लवकर येतो, म्हणून १८० अंश. मसाला पावासाठी कोथिंबीर, ठेचलेला लसूण आणि तिखट लोण्यात कालवून लोण्याबरोबरच घाला. कांदा घालायचा असेल तर आधी परतून पूर्ण कोरडा करा, कच्च्या कांद्याचं पाणी पीठ सैल करतं. मिसळीबरोबर पुण्यात स्लाइस ब्रेड खातात. त्यासाठी हेच पीठ गुंडाळी करून लांबट टिनमध्ये लावा आणि ३० ते ३५ मिनिटं भाजा.

पाव फ्रिजमध्ये ठेवू नका. तिथे तो बाहेरपेक्षा लवकर शिळा होतो. पहिला दिवस घट्ट डब्यात बाहेर, त्यानंतर पिशवीत हवा काढून थेट फ्रीजरमध्ये. लागेल तेव्हा गोठलेलाच पाव पाण्याचा हात लावून झाकणाखाली मंद तव्यावर पाच मिनिटं ठेवला की ताजा होतो.

दोन दिवसांच्या पावाचा फोडणीचा पाव करा. बोटांनी मोठे तुकडे करा, मिक्सरला लावू नका, लगदा होतो. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, हिरवी मिरची, भरपूर कांदा. कांदा मऊ झाला की तुकडे टाका, ताकाचा एक हबका मारा, मीठ-साखर घालून झाकण ठेवा. दोन मिनिटांनी झाकण काढून तळाला खरपूस लागू द्या, वर कोथिंबीर आणि लिंबू.